आमचे तालुक्याचे गाव : उरण

प्रवेशाच्या अर्जात गाव, पोस्ट, तालुका आणि जिल्हा असे चार रकाने असतात. पहिल्या वर्षाचा अर्ज भरताना मी तिसऱ्या रकान्यात चूक केली. गाव जासई, पोस्ट जासई, तालुका पनवेल, जिल्हा रायगड असे लिहून मोकळी झाले. कागद तपासणाऱ्या बाईंनी माझ्या जातीच्या दाखल्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "अगं, तालुका उरण आहे. स्वतःचा तालुका माहीत नाही?" मागे रांगेत उभी असलेली मुले हसली. मलाही हसू आले, पण ते उसने होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्याच दिवशी तालुका चुकला हे घरी सांगायची लाज वाटली.

चूक का झाली याचा नंतर विचार केला. आमच्या घरी लग्नाचा बस्ता पनवेलला, दवाखाना पनवेलला, वह्यापुस्तके पनवेलला, मोठा बाजार पनवेलला. उरणचे नाव निघते ते एखादा दाखला, उतारा किंवा कोर्टाची तारीख असली तरच. अंतर पाहिले तर जासईहून दोन्ही गावांत फारसा फरक नाही. मग माणसे एका गावाला आपले मानतात आणि सरकारी कागद दुसऱ्या गावाला, असे का व्हावे? हा प्रश्न मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारला. सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. ग्रंथालयात जा आणि गॅझेटिअर काढ."

मी गेले. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा एवढे ठाऊक होते, म्हणून १८८३ साली छापलेला कुलाबा जिल्ह्याचा जुना गॅझेटिअर मागितला. त्यात अलिबाग, पेण, रोहे, माणगाव, महाड सर्व सापडले. उरण नाही आणि पनवेलही नाही. इंग्रजी समजण्यात माझी चूक होत असेल म्हणून शब्दकोश घेऊन पुन्हा पाने उलटली. शेवटी सरांनीच उलगडा केला. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि उरण हा त्या पनवेल तालुक्यातील पेटा, म्हणजे तालुक्याहून धाकटा महाल होता. म्हणून त्याची माहिती १८८२ सालच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आहे. गंमत अशी की, कुलाब्याचे पुस्तक ज्या वर्षी छापून निघाले त्याच १८८३ साली पनवेल, उरण आणि करंजा हा भाग ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडण्यात आला. पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच ते जुने झाले. पुढे १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले.

म्हणजे अर्जात मी लिहिलेले 'तालुका पनवेल' हे शंभर वर्षांपूर्वी बरोबरच ठरले असते! हे त्या बाईंना सांगावे असे फार वाटले होते. असो.

उरणचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी नकाशा समोर ठेवावा लागतो, आणि तोही आजचा नव्हे. आज पनवेलहून एस.टी.त बसले की डांबरी रस्त्याने थेट उरणच्या स्टँडवर उतरता येते, त्यामुळे उरण हे एकेकाळी बेट होते हे ध्यानातच येत नाही. जुन्या कागदांत या बेटाला करंजा बेट म्हटलेले आहे. बेटाच्या दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला एक लहान टेकडी आणि दोहोंच्या मधल्या सखल भागात उरण गाव. पश्चिमेला मुंबईचे बंदर, दक्षिणेला करंजाची खाडी आणि खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातील रेवस. पूर्वेला चिखलाच्या उथळ खाड्या, तिवरांची रांग आणि त्यापलीकडे आमची मुख्य भूमी : जासई, चिर्ले, गव्हाण, दिघोडे, चिरनेर. उत्तरेकडे न्हावा आणि शेवा हीदेखील बेटेच होती. शिवाय समुद्रात घारापुरी आहेच. जगभरचे लोक लेणी पाहायला येतात ते घारापुरी बेट उरण तालुक्यात मोडते, हे आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना माहीत नव्हते. ती लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण त्याच बेटावरील वस्तीला समुद्राखालून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना ही माणसे रॉकेलच्या दिव्यावर आणि ठराविक तासांच्या जनित्रावर राहिली.

आमच्या भागातील गावांची नावे नुसती मोठ्याने वाचली तरी भूगोल कळतो. जसखार, सावरखार, बेलोंडाखार, शेमटीखार. खार म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून सोडवून घेतलेली. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. भरती कुठवर येते ते पाहून तिच्या आड माती, दगड आणि पेंढा यांचा बांध घालायचा. बांधाला ठिकठिकाणी उघाडी ठेवायची, म्हणजे लाकडी झडपेचे दार. ओहोटीला आतले पाणी त्या दाराला ढकलून बाहेर पडते आणि भरती आली की समुद्राचे पाणीच ते दार दाबून बंद करते. मग तीन-चार पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन न्यायचे. त्यानंतर कुठे भात होते, तेही खारे पाणी सोसणारे, लाल तांदळाचे. या जमिनीत चिखलणी करून लावणी करण्यापेक्षा मोड आलेले बी फेकण्याची पद्धत अधिक. एका उधाणाला बांध फुटला की पुन्हा तीन वर्षांची उपासमार. त्यामुळे रात्री-अपरात्री हाक आली तरी प्रत्येक घरातला माणूस फावडे घेऊन बांधावर गेला पाहिजे, असा गावाचा दंडक होता. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली कागदांत 'शिलोत्री' नावाची जमीनधारणेची पद्धत आढळते. समुद्र हटवून ज्यांनी अशी जमीन तयार केली त्यांच्या हक्कांशी ती निगडित होती. पुस्तकात हा शब्द वाचला तेव्हा मी थांबले. जमीन 'तयार' करणारे लोक आपल्याच भागात होते आणि त्यांच्यासाठी कायद्यात वेगळा शब्द होता!

जिथे भात होत नसे तिथे मीठ होई. भरतीचे पाणी प्रथम बाहेरच्या मोठ्या तळ्यात घ्यायचे, तिथून मधल्या तळ्यात, तिथे उन्हाने ते दाट झाले की आतल्या उथळ वाफ्यांत. वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून आरशासारखी सपाट करावी लागते. दिवाळीनंतर कामाला सुरुवात होते आणि मेच्या अखेरीस, पावसाचा पहिला थेंब पडण्याआधी, शेवटची रास गवताने झाकावी लागते. या आगरांवरूनच आमच्या समाजाला आगरी हे नाव मिळाले असे सांगतात. आगरी, कोळी, कराडी आणि डोंगराच्या पायथ्याचे कातकरी ही या तालुक्यातील जुनी वस्ती होय. मीठ पिकवणाऱ्याच्या पायाला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा मीठच जाते. माझ्या आजीचे पाय मी पाहिलेले आहेत, त्यामुळे यासाठी ग्रंथाचा आधार देण्याची गरज वाटत नाही.

आता इतिहासाकडे वळू. उरणजवळील चांजे आणि रानवड या गावी उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले आहेत. चांजे येथील एक लेख अपरादित्याच्या काळातील, शके १०६० चा आहे. सोमेश्वराच्या काळातील लेख शके ११८१ आणि ११८२ चे आहेत. सोमेश्वर हा त्या घराण्यातील शेवटचा राजा. म्हणजे साडेसातशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वी या खाजणात नुसते बगळे नव्हते. दान द्यावे आणि ते दगडावर कोरून ठेवावे इतकी वस्ती आणि शेती येथे होती. द्रोणागिरीबद्दल सांगितली जाणारी कथा सर्वांना ठाऊक आहेच : हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला. डोंगरावर औषधी झाडे आहेत हे वैदूही सांगतात. बाकीचे ज्याने त्याने ठरवावे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी वसईबरोबर हे बेटही घेतले आणि जवळजवळ दोनशे वर्षे ठेवले. द्रोणागिरीवरच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही दिसतात. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, बेट मराठ्यांकडे आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, त्याच धामधुमीत करंजाही त्यांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. मुंबई बंदराच्या तोंडावरचे बेट शत्रूच्या हाती असू नये, हा त्यांचा हिशेब उघड होता.

येथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते. पनवेलकडचा मुलूख पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंत, पेशव्यांच्या अंमलाखाली होता. याचा अर्थ असा की, १७८२ पासून पुढची छत्तीस वर्षे उरण इंग्रजांचे आणि जासई पेशव्यांचे होते. ज्या चिखलाच्या खाडीत आमच्या गावच्या बाया निवट्या आणि चिंबोऱ्या धरीत, ती खाडी दोन राज्यांची सरहद्द होती! आपण शाळेत सरहद्द म्हटले की हिमालय आठवतो. इतकी वर्षे ज्यांचे राज्य वेगळे, ज्यांच्यामध्ये पाणी आणि ज्यांची बाजारपेठ वेगळी, त्यांना पुढे कागदावर एक केले तरी मने आणि पायवाटा लगेच एक होत नाहीत. बोरघाटाखाली उतरलेला माल पनवेल बंदराला येई, म्हणून मुख्य भूमीची पावले पनवेलकडे वळली. उरणचे तोंड मात्र मुंबईकडे होते. मोरा बंदरातून निघालेले गलबत पनवेलच्या बैलगाडीपेक्षा लवकर मुंबईला पोहोचत असे.

इंग्रजी अमलात उरणला महत्त्व आले ते दोन गोष्टींमुळे, मीठ आणि दारू. मिठावर कर होता, म्हणून मिठाच्या राशींवर पहारा होता आणि पहाऱ्यासाठी अंमलदार होते. दारूची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. उरणला मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याच्या भट्ट्या होत्या, त्यांचे बहुतेक मालक पारशी होते आणि फुले गुजरातेतून समुद्रमार्गे येत. येथे गाळलेली दारू मुंबईला आणि आसपासच्या भागात जाई. सर्व भट्ट्या एकाच ठिकाणी असल्या म्हणजे कर वसूल करणे सोपे, आणि ते ठिकाण बेट असले तर चोरून माल नेणे अवघड. बहुधा म्हणूनच सरकारला उरण सोयीचे वाटले असावे. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या ताडी-माडीवर आणि घरगुती दारूवर सरकारचा हात अधिक घट्ट बसला. हे सांगण्याचा हेतू असा की, उरणला कचेरी आली ती आसपासच्या रयतेच्या सोयीसाठी आली नाही. कर मोजण्यासाठी आली. आमच्या गावच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'उरणला जाणे' या शब्दांना अजूनही जो धाक आहे तो बहुधा तेव्हापासूनचा असावा.

तालुक्याच्या पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याला चिरनेर आहे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा देशभर जंगल सत्याग्रहही झाले. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणले तिथे लाकूड तोडणे गुन्हा ठरले होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात आसपासच्या गावांतील आगरी, कराडी, कोळी आणि कातकरी मंडळी कोयते घेऊन जमली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ हुतात्म्यांचे स्मरण आज तेथे केले जाते. त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. गोळीबारात मामलेदार जोशी हेही मरण पावले. पुढे खटला चालला, त्यात आरोपींच्या बचावासाठी उभे राहिलेल्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. शाळेत असताना दर वर्षी २५ सप्टेंबरला आम्हाला चिरनेरला नेत. तेव्हा सगळे लक्ष खाऊच्या पुड्याकडे असे, हे कबूल करते.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास मात्र मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवायचे ठरले. जासई त्यांतलेच. जी जमीन बांध घालून समुद्राकडून घेतली होती ती आता सरकार घेणार होते. मोबदला किती, हा पहिला प्रश्न; जमीन गेल्यावर खायचे काय, हा दुसरा. या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे आमच्या जासईचेच. १९२६ साली येथे एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, शेतकरी कामगार पक्षातर्फे पाच वेळा पनवेलचे आमदार आणि दोन वेळा कुलाब्याचे खासदार म्हणून निवडून आले. जानेवारी १९८४ मध्ये जमीन ताब्यात घेण्याच्या वेळी हजारो शेतकरी रस्त्यावर आले. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर गोळीबार झाला. चिर्ले आणि धुतुम येथील दोन शेतकरी पडले. दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पागोट्याचे तिघे पडले. पाच माणसे गेल्यावर सरकारला बोलणी करावी लागली. संपादन केलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले.

माझे आजोबा तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. दास्तान फाट्यावर ते होते. याविषयी ते फार बोलत नाहीत. एकदा मी वही घेऊन समोर बसले तेव्हा म्हणाले, "काय लिवतंस गो? आमी पललो. जे नाय पलले त्यांचां लिव." (आम्ही पळालो. जे पळाले नाहीत त्यांचे लिही.) मी वही मिटली. परंतु दर वर्षी १६ जानेवारीला सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ते जासईच्या हुतात्मा स्मारकापाशी जातात. २०२१ च्या १० जूनला विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली तेव्हा गुडघे दुखत असतानाही ते दोन तास उभे होते. त्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले.

त्यानंतरचे बदल इतके भराभर झाले की यादीच द्यावी लागेल. मुंबई हायचे तेल आणि वायू यांच्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उरणला आला, त्या वायूवर चालणारे वीज केंद्र बोकडविऱ्याला उभे राहिले, करंजाला नौदलाचे शस्त्रागार होतेच. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा बेटावरचे गाव उठवून लोकांना दुसरीकडे वसवले. त्यांपैकी हनुमान कोळीवाड्याच्या घरांना वाळवी लागली आणि दारे, वासे, कपाटे सारे पोखरून गेले. समुद्राच्या वादळाला न डरणारे कोळी वाळवीपुढे हरले.

या सर्वांत उरण गावाचे काय झाले? उद्योग आले, पण ते गावात आले नाहीत, गावाभोवती आले. कंटेनरच्या गाड्या गावाला वळसा घालून जातात. करळ फाट्यावर आणि दास्तानला तासन्‌तास रांगा लागतात; पण त्या रांगेतला चालक उरणच्या बाजारात चहालाही उतरत नाही. खाजणांवर भराव पडल्याने पाण्याच्या जुन्या वाटा बंद झाल्या आणि काही गावांच्या शेतांत भरतीचे पाणी शिरू लागले. पाणजे गावाजवळच्या पाणथळीत मात्र अजून रोहित पक्षी येतात, आणि ते पाहायला मुंबईचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात.

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी दोन मोठी उद्घाटने झाली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, जो सुमारे २२ किलोमीटर लांब आहे आणि आमच्या शेजारच्या चिर्ल्याला जमिनीवर टेकतो. आणि खारकोपरपासून पुढे उरणपर्यंतची लोकल गाडी. सेतूवरून मोटार वीस-पंचवीस मिनिटांत मुंबईला पोहोचते असे म्हणतात. आमच्याकडे मोटार नाही, त्यामुळे अनुभव लिहिता येत नाही. लोकलचा अनुभव मात्र आहे. जासईकरांना शेमटीखार स्थानक जवळचे. याच गाडीने या वर्षी जानेवारीत मी आजोबांबरोबर उरणला गेले, एका जुन्या फेरफाराची नक्कल काढायला.

आजोबांचे वडील उरणला जाताना भरती-ओहोटी बघून निघत. आजोबा एस.टी.ने जात, आणि माझे काम काही मिनिटांत झाले. गाडीच्या खिडकीतून आजोबा एकेक जागा दाखवत होते : इथे आमची खाजणपट्टी, इथे उघाडी, इथे मिठाचा ढीग. मला रिकामे भूखंड, पत्र्याची कुंपणे आणि एकावर एक रचलेले कंटेनर दिसत होते. दोघेही खोटे बोलत नव्हतो.

अर्ज देऊन झाल्यावर दोन तास थांबायचे होते. म्हणून आम्ही गावात फिरलो. विमला तलावाच्या कट्ट्यावर बसलो. देऊळवाडीत उरणावतीचे दर्शन घेतले. गावाचे नाव या देवीवरून पडले असे तिथल्या एका बाईंनी सांगितले, आणि देवीचे नाव गावावरून पडले असे दुसऱ्या बाईंनी सांगितले. मासळी बाजारात आजोबांना करंजाच्या एका कोळणीने नावानिशी ओळखले. त्यांची ओळख चाळीस वर्षांपूर्वीची, मोर्चातली. तिने भाव न करता दोन वाटे बोंबील पिशवीत टाकले आणि पैसे घ्यायला तयार होईना. माझ्या मनातले कागदांचे, धाकाचे उरण तिथे थोडे पातळ झाले. हे गाव त्यांचे होते. माझे नव्हते ते मी कधी पायी फिरले नव्हते म्हणून.

तिथून मोरा बंदरावर गेलो. भाऊच्या धक्क्याची लाँच धक्क्यापासून दूर थांबली होती. ओहोटीला येथे इतका गाळ उघडा पडतो की लाँच लागत नाही आणि लोकांना पाणी चढण्याची वाट पाहत बसावे लागते. पलीकडे धूसर उजेडात सागरी सेतूची रेघ दिसत होती. धक्क्यावर वीस-पंचवीस माणसे होती, त्यांत घड्याळाकडे पाहणारे कुणी नव्हते.

दुपारी नक्कल मिळाली. जमिनीच्या जुन्या उताऱ्यात ज्याचा हक्क गेला त्याचे नाव खोडत नसत. ते कंसात घालत, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या पणजोबांचे नाव तसे कंसात होते. मी ते आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिला आणि विचारले, "तालुका काय लिवलाय?"

"उरण," मी म्हणाले.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि घडी करून बोंबलाचा वास लागू नये म्हणून कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.